टँकर आला आणि तेल न टाकताच गेला

दाराच्या कडीत पिवळी चिठ्ठी खोचलेली. ‘तेल भरता आलं नाही. हवेचा पाइप बर्फाखाली. पुढच्या पाइपाची टाकी कुठे आहे?’ बस. खाली सही म्हणून एक फराटा.

आमचं घर तेलावर चालणाऱ्या बर्नरने गरम होतं, आणि ते तेल संपलंय. घरात 13 अंश. स्वेटरवर स्वेटर, त्यावर बाहेरचा कोट, डोक्याला टोपी, आणि चौघं जण एका विजेच्या हीटरभोवती कोंडाळं करून बसलोय. आणि अशा अवस्थेत माझा नवरा मला सांगतोय की ड्रायव्हर आळशी होता. सासरे मान डोलावतायत. मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणतो, ‘तक्रार टाका त्याची.’

कुणाची तक्रार टाकू? ज्याने आज आपलं घर वाचवलं त्याची?

पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

तेल मागवायचं काम नवऱ्याकडे. गेल्या आठवड्यात दोन मिनिटं फोनवर बोलून त्याने जाहीर केलं, ‘झालं काम!’ अरे, काम तिथे सुरू होतं! तेल म्हणजे कुरिअरचं पाकीट नाही, बेल वाजवून पायरीवर ठेवून जायला. दहा-पंधरा टनांचं धूड रस्त्यावर उभं राहतं. त्यातून एक माणूस उतरतो, तीस-चाळीस मीटर लांब जाडजूड नळी खांद्यावर घेऊन बर्फातून तुमच्या भिंतीपर्यंत ओढत आणतो, आणि मिनिटाला दोनशे लिटरच्या वर वेगाने तुमच्या तळघरातल्या टाकीत तेल सोडतो. ती टाकी त्याला दिसतसुद्धा नाही! त्याच्यासाठी आपण काय तयारी केली होती? काही नाही. उलट त्याचं काम अवघड कसं होईल हे मात्र शोधून शोधून केलं होतं.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला दोन पाइप आहेत. एक तेल भरायचा, एक हवेचा. गाडी बाहेर काढायची म्हणून नवऱ्याने परवा तासभर बर्फ उपसला. गाडीचा मार्ग अगदी लख्ख. आणि उपसलेला बर्फ कुठे रचला? बरोब्बर त्या दोन पाइपांवर. अख्खं आवार मोकळं पडलं होतं हो! पण ‘तो कोपरा रिकामाच असतो’ म्हणे. रिकामा असतो कारण तो रिकामा ठेवायचा असतो!

वर प्रश्न काय, तर ‘थोडा बर्फ बाजूला करायला त्या ड्रायव्हरला काय झालं होतं?’ छातीएवढ्या ढिगात नेमका पाइप कुठे आहे हे त्याला कसं कळणार? खूण म्हणून लाल फडक्याची काठी लावायची ठरली होती, हिवाळ्याच्या आधी. ती काठी गॅरेजमध्ये उभी आहे, वेष्टनासकट. आणि त्या माणसाला आपल्यासारखी अजून कितीतरी घरं उरकायची असतात. खिडकीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला सोपं असतं.

आता हवेच्या पाइपाचं. हे मी या घरात किती वेळा समजावलंय त्याची गणतीच नाही, तेव्हा आणखी एकदा. रिकामी टाकी रिकामी नसते, हवेने भरलेली असते. तेल आत शिरलं की तेवढी हवा बाहेर पडावी लागते. ती पडते या दुसऱ्या पाइपातून, आणि जाता जाता टाकीच्या माथ्यावर बसवलेली शिट्टी वाजवत जाते. शिट्टीची एक छोटी नळी टाकीत खाली लोंबत असते. तेल तिच्या तोंडाला टेकलं की शिट्टी गप्प. कुकरच्या शिट्ट्या मोजत मोठे झालेले आपण, आपल्याला शिट्टी वाजली की गॅस बंद करायची सवय. इथे उलटं आहे. वाजतेय तोवर सगळं ठीक, थांबली की त्याच क्षणी नोझल बंद. बाहेर थंडीत उभा असलेला तो माणूस डोळ्यांनी काही बघत नसतो, कानांनी टाकी भरत असतो. म्हणून त्यांचा साधा नियम असतो: शिट्टी ऐकू येत नसेल तर तेल सोडायचं नाही.

तो हवेचा पाइप बर्फाने, मातीने, नाहीतर एखाद्या किड्याच्या घरट्याने बुजलेला असेल तर? वरून तेल रेटलं जातंय आणि हवेला जायला जागा नाही. टाकीचा पत्रा असला दाब सोसायला बनवलेलाच नसतो. सांध्यातून फाटली तर शेकडो लिटर तेल तळघरात. आणि आमच्या घरातले लोक म्हणतात आळशी!

पण हे सोडा. माझं रक्त खरं उसळलं ते चिठ्ठीतल्या शेवटच्या वाक्याने. ‘पुढच्या पाइपाची टाकी कुठे आहे?’ वाचलं आणि मी तिथेच पायरीवर बसले.

आमच्या पुढच्या भिंतीलाही एक पाइप आहे. जुना. आधीच्या मालकांची टाकी तळघराच्या पुढच्या भागात होती. ती गंजली म्हणून त्यांनी काढून टाकली आणि नवी मागच्या बाजूला बसवली. टाकी गेली, पाइप मात्र भिंतीतच राहिला. आत तो कापलेला आहे आणि त्याचं उघडं तोंड सरळ आमच्या अडगळीच्या खोलीत डोकावतं. खाली बॅगा, जुने कपडे, मुलाच्या लहानपणीची खेळणी. बाहेरून बघाल तर अस्सल तेल भरायचा पाइप, झाकणासकट. आणि गंमत अशी की हा पाइप बरोबर गाडीच्या वाटेवर. त्याच्याभोवतीचा बर्फ आमच्या साहेबांनी अगदी खराट्याने झाडून काढलेला! खरा पाइप गाडलेला, मेलेला पाइप सजवलेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

नवखा ड्रायव्हर असता, घाईत असता, अंधार पडलेला असता, तर त्याने तिथे नळी जोडली असती. असे अपघात खरोखर झालेत. टाकी नसलेल्या घरात तेल ओतलं गेलंय, लोकांच्या तळघराचं तळं झालंय. हे तेल पेट्रोलसारखं चटकन भडकत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ते काँक्रीटमध्ये मुरतं, भेगांतून खालच्या मातीत उतरतं, आणि वास महिनोन् महिने जात नाही. फरशी फोडावी लागते, माती उकरून न्यावी लागते, भूजलात गेलं तर आणखी निस्तरा. घर सोडून राहायची वेळ येते.

हा पाइप काढून टाका हे मी घरात आल्या दिवसापासून सांगतेय. नुसता बुजवू नका, काढा. भरायचाही आणि त्याच्या जोडीचा हवेचाही, आणि भिंतीतलं भोक सिमेंटने बंद करा. सासरे शांतपणे म्हणाले, ‘अगं, झाकण आहे ना त्याला.’ बाबा, तुमचा मान राखून सांगते, झाकण उघडता येतं म्हणून तर त्याला झाकण म्हणतात!

त्या अनोळखी माणसाला शंका आली. त्याच्या कागदावर पाइप मागच्या भिंतीला लिहिला होता, म्हणून तो थांबला. आणि तक्रार कुणाची, तर त्याची.

बरं, तेल संपेपर्यंत मुळात थांबलो का, याचंही उत्तर द्या कुणीतरी. टाकीवर काटा आहे. तो रोज खाली सरकतो, लपूनछपून नाही, उघडउघड. पाववर आला तेव्हा मी म्हटलं, मागवा. नवरा म्हणाला, ‘अजून पाव टाकी आहे की!’ हजार लिटरच्या टाकीत पाव म्हणजे अडीचशे. कडाक्याच्या थंडीत मोठं घर दिवसाला वीस-पंचवीस लिटर सहज पितं. करा हिशेब, दहा दिवस. त्यात वादळाचा अंदाज आला की सगळं गाव एकाच सकाळी फोन उचलतं, आणि ज्याला त्याला तेल आजच हवं असतं. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हटली तर खणणाऱ्यांचीही रांग असते.

शिवाय तळाचं तेल म्हणजे नुसतं तेल नसतं. टाकीत ओल धरते, पाणी तेलाहून जड म्हणून खाली बसतं, त्याने पत्रा आतून गंजतो, आणि तो गंज, चिखल, गाळ सगळा बुडाशी साठतो. काटा खाली गेला की बर्नर हाच गाळ ओढू लागतो. आधी फिल्टर चोंदतो, मग बर्नरचं नोझल. ‘टाकी बाहेरून चकाचक आहे’ हे कौतुक मला सांगू नका. टाकी खालून आणि आतून सडते. हजार लिटर तेलाचं वजन साडेआठशे किलोच्या आसपास, आणि ते चार पायांवर. भरायच्या आधी बॅटरी घेऊन खाली वाकून बघायचं असतं. कुठे घाम फुटल्यासारखी ओल आहे का, पाय गंजलेत का, जोडाशी डाग आहे का. यातलं काही दिसलं तर आधी दुरुस्ती, मग तेल. वाकतं कोण? मी.

काल रात्री बर्नर विझला. मी झोपले होते. चिरंजीव उठले, खाली गेले आणि बर्नर पुन्हा पेटवायचं लाल बटण दाबलं. पेटला नाही. पुन्हा दाबलं. एकूण पाच वेळा, असं आज सकाळी अभिमानाने सांगितलं. अरे, लिफ्टचं बटण आहे का ते? ते एकदा दाबायचं. पेटला तर ठीक, नाहीतर माणूस बोलवायचा. दर वेळी बर्नर आत तेल फवारतो. ते जळलं नाही तर तिथेच साचत जातं, आणि मग कधीतरी पेटतं तेव्हा धडाम, आणि घरभर काजळी. नशीब, टाकीच कोरडी होती म्हणून फवारायला फारसं काही नव्हतं. आता टाकीतून बर्नरकडे जाणाऱ्या पाइपात हवा शिरली आहे. म्हणजे तेल आलं तरी घर लगेच गरम होणार नाही. आधी ती हवा काढायला मेकॅनिक यायला हवा, आणि त्याचीही वेळ मीच घेतली.

एक जमाना होता, आमचं तेल न सांगता यायचं. पुरवठादार रोजच्या तापमानाचा हिशेब ठेवून घर किती तेल पितं याचा अंदाज बांधायचा आणि काटा खाली यायच्या आत टँकर पाठवायचा. ते ‘आमचं आम्ही बघू’ म्हणून बंद केलं. कोण बघतंय ते आता बघाच.

शेजाऱ्यांची गाडी आमच्या वाटेच्या तोंडाशी अर्धी आडवी असते, तो वेगळा विषय आहे. त्यांच्याशी उद्या सकाळी बोलणार आहे, तेही हसून, याचंच मला जास्त दुःख आहे. कुत्र्याला आत बांधायचं, मागचा दिवा लावायचा, मुलाची घसरगाडी वाटेतून उचलायची, पायऱ्यांवर वाळू टाकायची. ही काय सांगायची कामं आहेत? पण सांगावी लागतात, एकेक, नाव घेऊन.

तर आज मी काय केलं. दीड तास फावडं चालवलं. पाइप सापडले, हवेच्या पाइपाच्या तोंडात बोटभर बर्फ घट्ट बसला होता तो कोरून काढला. माणूस नळी घेऊन सरळ चालू शकेल एवढी रुंद वाट केली, कडेने मीठ टाकलं. ती काठी वेष्टनातून काढून रोवली. पुढच्या पाइपाच्या झाकणाला लाल टेप गुंडाळून वर पाटी लावली: ‘इथे तेल टाकू नका. खाली टाकी नाही.’ पुरवठादाराला फोन करून तेच त्यांच्या नोंदीत लिहून घ्यायला लावलं. तो पाइप उपटायला माणूस पुढच्या आठवड्यात येतोय, आणि यात आता कुणाचं मत मला नकोय.

टँकर उद्या, सकाळी आठ ते दुपारी चारच्या मध्ये कधीतरी. बर्नर बंदच आहे, म्हणून ते एक सांगायचं वाचलं. एरवी भरायच्या आधी तो बंद करायचा असतो. भरून झाल्यावरही तासभर कुणी त्याला हात लावायचा नाही, ढवळलेला गाळ खाली बसू द्यायचा. हे मी फ्रिजवर लिहून ठेवलंय, मोठ्या अक्षरात, लाल बटणाचा वेगळा उल्लेख करून.

आता आवाज कसला येतोय म्हणून खिडकीतून बघितलं. नवऱ्याला उपरती झाली आहे. उद्या टँकरला अडचण नको म्हणून साहेब स्वतःची गाडी साफ करतायत. टपावरचा सगळा बर्फ फावड्याने खाली ढकलतायत. गाडी मागच्या भिंतीला खेटून उभी आहे. काठी आडवी झालेली मला इथून दिसतेय.

थांबा, आलेच मी.