वारस मिळाला, पण कसा!

(शेवट सांगणार आहे. सिनेमा बघायचा असेल तर इथेच थांबा.)

आपल्या सिनेमातला शेतकरी म्हटला की कोरडी विहीर, दारात सावकार आणि आभाळाकडे लागलेले डोळे. रामीन बहरानीच्या ‘अ‍ॅट एनी प्राइस’ (२०१२) मधला हेन्री व्हिपल तसा नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात त्याची नजर पोचेल तिथवर मक्याची शेती आहे, अवाढव्य यंत्रं आहेत, वर बियाणं कंपनीची एजन्सी आहे. आणि तरी या माणसाला घटकाभर स्वस्थता नाही.

सुरुवातीलाच हेन्री धाकट्या मुलाला, डीनला, घेऊन एका मयताला जातो. घरच्यांचं सांत्वन करता करता हळूच जमिनीचा विषय काढतो. विकणार का? मुलाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आपल्याकडे लोक निदान तेराव्यापर्यंत तरी कळ काढतात. (काढतात ना?)

हेन्रीला नुसता हावरट म्हणून मोकळं होता येत नाही. ती जमीन त्याने घेतली नाही तर त्याचा प्रतिस्पर्धी जिम जॉन्सन घेणार, आणि गिऱ्हाईकंही तोच पळवणार. १९७०च्या दशकात अमेरिकेचे कृषिमंत्री अर्ल बट्झ शेतकऱ्यांना सांगत होते, मोठे व्हा नाहीतर शेती सोडा. जे मोठे झाले त्यांचं पुढे काय झालं, ते इथे दिसतं. एवढा पसारा मांडला, आता पुढे बघणार कोण? थोरला दक्षिण अमेरिकेत डोंगर चढायला निघून गेलाय. डीनला गाड्यांच्या शर्यतीत नाव काढायचंय, शेताचं नाव काढलं तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. वर म्हातारे वडील आहेतच, अजून मुलाच्या कारभारावर डोळा ठेवून. हेन्री मुलांवर प्रेम करतो, पण ते त्याला एकरातच मोजता येतं.

मग बियाण्याची भानगड. कंपनीचं पेटंट असलेलं बियाणं पिकवायचं, दाणे स्वच्छ करायचे, परत विकायचे. आपल्याकडे घरचं सोयाबीन राखून ठेवणं ही रीतच आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, सत्तरच्या वर उगवले की पेरायला चाललं. आपल्या २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिलाय, फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकायचं नाही. तिकडे पेटंटच्या बियाण्याचं असं केलं की कायद्याचा भंग. सिनेमा आला त्याच्या पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इंडियानातल्या व्हर्नन बोमन या शेतकऱ्याविरुद्ध, मोन्सँटो या बियाणं कंपनीच्या बाजूने, एकमताने निकाल दिला. त्याने धान्य म्हणून विकत घेतलेलं, पण मोन्सँटोचं पेटंट असलेलं सोयाबीन पेरलं होतं. हेन्रीही काही भाबडा नाही. आपण काय करतोय ते त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि चौकशीची माणसं आली की त्याला घाम फुटतो.

पण माझ्या डोक्यात घोळतंय ते पुढचं. डीनच्या हातून जॉन्सनचा मुलगा मरतो. हेन्री ते प्रेत लपवतो, आई आयरीन तोंडाला कुलूप लावते. आणि इतकी वर्षं एकमेकांशी धड न बोलणारे बापलेक एका झटक्यात एक होतात! ज्याला शेती नको होती तो शेतीत उतरतो. समजावून, रागावून, आमिष दाखवून जे जमलं नाही ते एका खुनाने जमलं. घर जुळलं म्हणून बघणाऱ्याला हायसं वाटावं तर कशावर जुळलं ते आठवतं. पोरगा आता जाणार तरी कुठे? सातबाऱ्यावर नाव चढवायची याहून भयंकर रीत मी तरी पाहिली नाही.

सिनेमात उणिवा आहेत. हेदर ग्रॅहॅमचं पात्र वाया गेलंय, शर्यतींचा भाग लांबलाय, आणि खुनानंतर सगळं जरा भराभर उरकलंय. हेन्री झालेल्या डेनिस क्वेडचं ते सेल्समनचं चिकट हसू सुरुवातीला खोटं वाटतं, अभिनय जास्त होतोय असंही वाटतं. शेवटाकडे कळतं की माणूसच तसा आहे, गिऱ्हाईकाला आणि मुलाला एकच हसू देणारा. झॅक एफ्रॉनकडून मला फारशी अपेक्षा नव्हती, पण त्याने डीनची घुसमट चांगली पकडलीय. मुलगा पुण्याहून गावी परत येत नाही म्हणून धुसफुसणाऱ्या प्रत्येक बागायतदाराने बघावा. मुलाला शेजारी बसवून बघायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.