ऑक्सफर्डची ९०० वर्षं आणि आपली पळवाट

जागतिक विद्यापीठांची क्रमवारी जाहीर झाली की आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एक मेसेज ठरल्यासारखा येतो. मजकूर थोडक्यात असा: ऑक्सफर्ड ९०० वर्षं संशोधन करतंय, केंब्रिज ८००, हार्वर्ड जवळपास ४००. संशोधन त्यांच्या रक्तातच आहे. इंग्रजांनी आपल्याला मात्र मुद्दाम कारकून काढणारी विद्यापीठं दिली आणि संशोधन स्वतःकडे ठेवलं. आपली विद्यापीठं त्यांच्यापुढे बाळं आहेत, बरोबरीला यायला अजून ३०० वर्षं लागतील. खाली जोडलेले हात आणि तिरंगा.

इंग्रजांना शिव्या आणि इंग्रजांचं कौतुक एकाच दमात असल्यामुळे हा मेसेज कुणालाच खटकत नाही. त्यातली सालं बरोबरच आहेत. त्यांवरून काढलेलं मात्र एकही धड नाही.

ऑक्सफर्डपासून सुरुवात करू. तिथे अध्यापन सुरू होऊन ९०० वर्षं झाली, मान्य. पण त्यातली बरीच शतकं ते प्रामुख्यानं धर्मगुरू आणि बड्या घरची मुलं घडवण्याचं ठिकाण होतं. १८७१ चा कायदा होईपर्यंत चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या माणसाला तिथे फेलो (कॉलेजचा मानधन घेणारा सभासद) होता येत नव्हतं, आणि त्यानंतरही काही वर्षं लग्न केलं की बहुतेकांची फेलोशिप जायची. आज आपण ज्याला पीएच.डी. म्हणतो, ती पदवी ऑक्सफर्डनं सुरू केली १९१७ साली. तीसुद्धा का, तर उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जाणारे अमेरिकन विद्यार्थी आपल्याकडे वळावेत म्हणून. केंब्रिजची पीएच.डी. त्याच्याही मागून आली.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, मग न्यूटनचं काय? न्यूटन केंब्रिजला होता, पण त्याच्या व्याख्यानांना माणसं इतकी कमी यायची की तो जणू भिंतींनाच वाचून दाखवायचा, असं त्याच्या मदतनिसानंच लिहून ठेवलंय. संशोधन करणारा थोर माणूस विद्यापीठात असणं आणि संशोधन करायला शिकवणं हे विद्यापीठाचं रोजचं काम असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मेसेजमध्ये त्यांची भेळ झाली आहे.

हे दुसरं काम सुरू झालं जर्मन भाषिक मुलखात, आणि तेही अगदी अलीकडे. गटिंगेनला अठराव्या शतकात भाषाशास्त्राचं सेमिनार भरू लागलं होतं, १८१० मध्ये बर्लिनचं विद्यापीठ निघालं. बर्लिनच्या स्थापनेचं सगळं श्रेय प्रशियाचं शिक्षण खातं सांभाळणाऱ्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या टिपणाला देण्याची पद्धत आहे, पण ते टिपण छापून लोकांसमोर आलं विसाव्या शतकाच्या तोंडावर. मधली ऐंशी-नव्वद वर्षं ते वाचून कुणी विद्यापीठ उभारलं असेल, हे संभवत नाही. मला विचाराल तर बर्लिनपेक्षा गीसेनकडे बघावं.

गीसेन म्हणजे जर्मनीच्या हेस प्रांतातलं एक आडगाव. १८२४ मध्ये तिथे युस्टुस लीबिग नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. प्रयोगशाळेसाठी त्याला जागा मिळाली ती ओस पडलेल्या बराकीच्या पहारेकऱ्यांची. विद्यार्थी आले ते बरेचसे औषधविक्रीचा धंदा शिकायला. १८३१ च्या सुमारास लीबिगनं काचेचं एक उपकरण केलं: त्रिकोणात वाकवलेली नळी, तिला फुगवलेले पाच गोळे, आत पोटॅशचं द्रावण. पदार्थ जाळायचा, निघालेला वायू आधी पाणी शोषणाऱ्या नळीतून आणि मग या गोळ्यांतून बुडबुडे काढत न्यायचा. जाळण्याआधी गोळे तोलायचे, नंतर तोलायचे. पोटॅशनं शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वाढलेल्या वजनावरून कार्बन किती ते कळतं. याआधी असं पृथक्करण म्हणजे मुरलेल्या रसायनशास्त्रज्ञाचं कसबाचं आणि वेळखाऊ काम. आता ते बऱ्यापैकी हात बसलेला विद्यार्थीही करू लागला. मग लीबिगनं प्रत्येकाला एकेक पदार्थ वाटून दिला: हा तुझा, याच्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही, तू शोध. उत्तर गुरूलाही ठाऊक नाही असा प्रश्न विद्यार्थ्याच्या हातात देणं, एवढीच ती नवी गोष्ट. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या चिन्हात ते पाच गोळे अजून आहेत.

आता रक्ताचा हिशेब बघा. गीसेनला तयार झालेला रसायनशास्त्रज्ञ हॉफमन १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीवर नेमला गेला. त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या पर्किननं १८५६ मध्ये घरच्या प्रयोगशाळेत जांभळा कृत्रिम रंग काढला आणि रंगांचा सगळा धंदाच पालटला. म्हणजे इंग्लंडच्या ‘रक्तातलं’ हे संशोधन आयात केलेलं होतं, आणि ते उतरलं लंडनच्या एका नव्याकोऱ्या कॉलेजात.

हार्वर्डची गोष्ट याहून गमतीची. स्थापना १६३६, पहिली पीएच.डी. १८७३. त्याआधी १८६१ मध्ये येलनं तीन दिल्या होत्या. पण खरा धक्का दिला अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरानं. जॉन्स हॉपकिन्स नावाच्या व्यापाऱ्यानं विद्यापीठ आणि रुग्णालयासाठी मिळून ७० लाख डॉलर मागे ठेवले, आणि १८७६ मध्ये पदवीनंतरच्या अभ्यासावर भर देणारं विद्यापीठ उघडलं. पहिला अध्यक्ष डॅनियल गिलमन यानं इमारतींपेक्षा माणसांवर पैसा घातला. गणितासाठी त्यानं इंग्लंडहून सिल्व्हेस्टरला आणलं. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आलेला हा माणूस, पण ज्यू असल्यामुळे चर्चच्या श्रद्धेच्या कलमांवर सही करीना, म्हणून केंब्रिजनं तेव्हा त्याला पदवीसुद्धा दिली नव्हती. साठी ओलांडलेल्या सिल्व्हेस्टरनं पगार सोन्यात मागितला, आणि त्याला तो मिळाला. (आपल्याकडे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी हे वाचू नये.) १९०२ मध्ये हॉपकिन्सच्या पंचविशीच्या समारंभात हार्वर्डच्या अध्यक्षानं, चार्ल्स एलियटनं, जाहीरपणे कबूल केलं की आमचा पदव्युत्तर विभाग रडतखडतच चालला होता, हॉपकिन्सच्या उदाहरणानं भाग पाडलं तेव्हा आमचे प्राध्यापक हलले. २४० वर्षांनी धाकट्या संस्थेनं थोरलीला चालायला शिकवलं.

आता कारकुनांचा मुद्दा. यात तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तिन्ही विद्यापीठं १८५७ ची, आणि त्यांचा साचा होता लंडन विद्यापीठाचा. ते तेव्हा शिकवतच नव्हतं. कॉलेजं शिकवायची, विद्यापीठ परीक्षा घेऊन पदव्या द्यायचं. सरकारला नोकरवर्ग हवा होता यात शंकाच नाही. पण ‘संशोधन स्वतःकडे ठेवलं’ म्हणायला ते आधी स्वतःकडे असावं लागतं. १८५७ मध्ये ऑक्सफर्डकडे ते नव्हतं, लंडन विद्यापीठाकडेही नव्हतं. जो माल दुकानात होता तोच त्यांनी पाठवला.

पुढचं जास्त बोचणारं आहे. लंडन विद्यापीठ १९०० मध्ये स्वतः शिकवणारं विद्यापीठ झालं. आपल्याकडेही १९०४ च्या कायद्यानं विद्यापीठांना ती मुभा मिळाली. कलकत्त्यात कुलगुरू आशुतोष मुखर्जींनी ती दोन्ही हातांनी घेतली: तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या वकिलांच्या देणग्यांवर १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालय उभं केलं, आणि १९१७ मध्ये सरकारी हिशेब खात्यातल्या रामन यांना पालितांच्या देणगीतल्या पदावर प्राध्यापक केलं. १९२८ चा रामन परिणाम निघाला तेव्हा कलकत्ता विद्यापीठ ७१ वर्षांचं होतं. मुंबई विद्यापीठानंही १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. माटुंग्याची आजची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ती हीच. म्हणजे इंग्रज असतानाही जमत होतं. आणि इंग्रज गेल्यावर? संलग्न कॉलेजांच्या परीक्षा घेणं, निकाल लावणं, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज निस्तरणं, हेच आपल्या बहुतेक विद्यापीठांचं मुख्य काम राहिलं. लंडननं टाकून दिलेला कोट आपण अजून अंगात घालतो आणि शिंप्याला शिव्या देतो.

राहिली ती ३०० वर्षं. हा सगळ्यात छोटा मुद्दा, कारण नुसती सालं पुरेशी आहेत. आज जगभर नावाजलेली ही विद्यापीठं बघा. दक्षिण कोरियाचं काइस्ट हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं विद्यापीठ १९७१ चं. सिंगापूरचं नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठ आणि हाँगकाँगचं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, दोन्ही १९९१ ची. आपलं पुणे विद्यापीठ १९४९ चं, म्हणजे या तिघांच्याही आधीचं. पैसा लागतो, बक्कळ लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण मेसेज पैशाबद्दल बोलतच नाही, वयाबद्दल बोलतो. आणि वयानं मिळालेलं टिकतंच असंही नाही. एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारनं ज्यू सरकारी नोकरांना काढण्याचा कायदा केला आणि भौतिकी-गणितातले दिग्गज मॅक्स बॉर्न, एमी नोएथर, रिशार्ड कूरांट यांचं गटिंगेन काही महिन्यांत रिकामं झालं.

१९१७ हे साल वर दोनदा आलं. त्याच वर्षी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. ज्यांच्या नावानं ती आहे ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या बी.ए. तुकडीतले, न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरचे. म्हणजे त्याच कारकुनी कारखान्याचा माल. पुढे या संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकरांनी उचलली. ते गणित शिकले केंब्रिजला, पण डॉक्टरेटसाठी गेले बर्लिनला, संस्कृतचे अभ्यासक हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे. पोथ्यांमधले पाठ ताडून बघायची शिस्त ते तिथून घेऊन आले. त्या काळी केंब्रिजकडे, ७०० वर्षांची परंपरा असूनही, त्यांना द्यायला पीएच.डी.च नव्हती.