शिरोड्याची अठरा वर्षं

काल मोती तलावाच्या कट्ट्यावर वाद पेटला तो आमच्या मास्तरमुळे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, कथा लिहितो. म्हणाला, "नोकरी सोडतो. शाळा पार पिळून काढते रे. वि. स. खांडेकरांचंच बघ. १९२० साली शिरोड्याच्या शाळेत लागले, पहिली कादंबरी १९३० साली. दहा वर्षं फुकट!"

'फुकट' शब्द मला झोंबला. बाविशीतला सांगलीचा पोरगा, फर्ग्युसनमधलं शिक्षण अर्धवट सोडून आलेला. मिठागरांच्या गावातलं दारिद्र्य त्याला रोज समोरच्या बाकावर बसलेलं दिसत होतं. ते कुठल्या ग्रंथालयात मिळालं असतं? १९३० साली त्याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला आणि 'हृदयाची हाक' आली तीही त्याच साली.

मास्तर हटेना. "आणि 'ययाति'? ती १९५९ची. शिरोडा सोडून एकवीस वर्षं झाली होती. ज्ञानपीठ मिळालं ते तिलाच ना?"

मुद्दा बिनतोड होता. मराठीतलं ते पहिलं ज्ञानपीठ, १९७४चं. पण 'दोन ध्रुव' आणि 'उल्का', दोन्ही १९३४च्या. त्यांच्या कथेवरचा 'छाया' हा चित्रपट १९३६चा. तेव्हा खांडेकर मास्तरच होते! 'ययाति' मोठी म्हणून 'उल्का' पुसायची का? मला तर या मधल्या कादंबऱ्याच जास्त जवळच्या वाटतात. त्यांतला तळमळीने बोलणारा माणूस वर्गात उभं राहूनच तसा बोलायला शिकला असणार.

इतका वेळ गप्प बसलेले दादा म्हणाले, "अठरा वर्षां एका गावात ऱ्हवलो तो माणूस, काय उगाच?"

मास्तर थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने शबनममधून चाचणी परीक्षेच्या उरलेल्या कोऱ्या पुरवण्या काढल्या, दोऱ्याने बांधलेल्या. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात कथा. मधल्या सुट्टीत डबा न आणणाऱ्या आणि दर वेळी हातपंपावर जाऊन पाणी पिणाऱ्या एका मुलीची.

"शेवट जमत नाही," तो म्हणाला.

दादांनी चष्मा पुसला आणि दिव्याखालची जागा त्याला करून दिली. "वाच."