‘सिमेंटचाच तर पत्रा, त्यात कसला धोका?’

मे महिना लागला, छपरांची डागडुजी सुरू झाली की आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात असा: सिमेंटच्या पत्र्यांची भीती ही परदेशी अफवा आहे. त्यातले अ‍ॅस्बेस्टॉसचे (म्हणजे खाणीतून निघणाऱ्या एका तंतुमय खनिजाचे) तंतू सिमेंटमध्ये पक्के बसलेले असतात. आपल्याकडचा अ‍ॅस्बेस्टॉस पांढरा, म्हणजे निर्धोक. घातक तो निळा. धोका असता तर सरकारने बंदी नसती घातली? आमचे आजोबा चाळीस वर्षं पत्र्याखाली झोपले, ठणठणीत राहिले. आणि जाता जाता एक सल्ला: फुटके पत्रे टाकू नका, ठेचून पाणंदीत पसरा, चिखल होत नाही.

यातलं पहिलं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचं सगळं खपून जातं. तंतू सिमेंटमध्ये बसलेले असतात, कबूल. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस साधारण 8 ते 10 टक्के. अखंड पत्र्याखाली नुसतं राहण्यात धोका फार थोडा; रात्री आढ्याकडे बघत झोप घालवायचं कारण नाही. पण आपल्याकडे पत्रा अखंड राहतो कुठे? नारळ पडतो, झाप पडतो, माकडं नाचतात. (माकडांनी कौलं फोडली म्हणून तर निम्म्या वाडीने पत्रे घातले.) 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत किती पत्र्यांचे तुकडे झाले ते आपण पाहिलंय. पुढे कित्येक दिवस माणसं ते खराट्याने झाडत होती आणि नवे पत्रे ग्राइंडरने कापत होती.

आमच्या खळ्यातच कापले. चकती पत्र्याला लागली की गिरणीत उडतं तसं पांढरं पीठ उडतं. कापणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून, डोळे बारीक करून वाकलेला. काम संपल्यावर बघतो तर खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या पानांवर, गड्याच्या भुवयांवर राखाडी थर. कडेला कोकमाची सोलं वाळत होती, ती आईने झटकून सुपात भरली. ‘सिमेंटमध्ये पक्के बसलेले’ तंतू या धुळीतून सुटे होतात. दिसतो तो थर जड असतो, खाली बसतो. त्याच्या आतले बारीक तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात, आणि रुमाल ते अडवत नाही.

कापलाच नाही तरी पत्रा झिजतो. एवढ्या पावसात वरचं सिमेंट धुपतं, तंतू उघडे पडतात, त्यावर शेवाळ धरतं. मग कोणीतरी चढून तारेच्या ब्रशने ते खरवडतो.

पांढरा निर्धोक, हे साफ खोटं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था पांढऱ्यासकट सगळे प्रकार कर्करोगकारक ठरवते: फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, अंडाशयाचा, आणि मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराचा. निळा जास्त जहाल, हे खरं. पण नाग जहाल म्हणून फुरसं कोणी उशाशी घेत नाही.

सरकारचं म्हणाल तर पत्र्यांवर बंदी नाही, बरोबर. मात्र अ‍ॅस्बेस्टॉसच्या नव्या खाणींना आपल्याच सरकारने 1986 मध्ये परवानग्या थांबवल्या, 1993 मध्ये जुन्यांचं नूतनीकरणही. आता माल बाहेरून येतो. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तिथे बंदी घातली, तरी तिथला माल पुढेही जहाजातून आशियाकडे येत राहिला. म्हणजे परदेशी आहे ती अफवा नव्हे, माल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये या उद्योगातल्या प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद निदान 40 वर्षं ठेवायला सांगितलं. चाळीस का? कारण तंतू आत गेल्यावर आजार दिसायला 20 ते 50 वर्षं लागू शकतात. आजोबांच्या दाखल्याचं उत्तर इथेच आहे. आजोबा पत्र्याखाली झोपले. पत्रे कापणारा, भोकं पाडणारा, घरोघर जाऊन चढवणारा माणूस कोण होता, त्याच्या छातीचं पुढे काय झालं, हे मेसेज लिहिणाऱ्याने विचारलेलं नाही. त्यात तो विडी ओढणारा असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी चढतो.

आता तो पाणंदीचा सल्ला. बाकीचं अज्ञान समजू, पण हा सल्ला पाळला तर छपरावरचा धोका पायाखाली येतो. रिक्षांची चाकं तुकडे दळतात, उन्हाळ्यात धूळ उडते, त्याच वाटेने पोरं शाळेत जातात. जाळूनही हे संपत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाही, पत्रा आगीत तडतडून फुटतो आणि आणखी पसरतो.

करायचं ते साधं. हुक सोडवून पत्रा अख्खाच उतरवा, त्याआधी पाणी मारून भिजवा. ग्राइंडर लावू नका. कापायचाच झाला तर ओला ठेवून हातकरवतीने, वाडीपासून लांब. तुकडे ओलेच गोळा करून जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. अशा घातक कचऱ्याची सोय तळोज्याला आहे, पण आमच्या गोठ्यामागचे चार तुकडे तिथे कोण नेणार, हा प्रश्न आहेच. ते सध्या बांधून ठेवलेत. नवं छप्पर घालताना दुकानदाराला अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला पत्रा आहे का ते विचारा, नाहीतर कौलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर आलं: “कौलंच घालतो रे. दरवर्षी शाकारायला माणूस तेवढा तू मुंबईहून आणून दे.” त्यावर माझ्याकडे अजून प्रतिवाद नाही.