बांधाला गेलेले पत्ते

चाळिशीला आलेल्या माणसानं गुडघ्यांची काळजी करावी, पाढ्यांची नव्हे. पण ऑफिसात फर्मान निघालं : नेटवर्क टीममध्ये ज्याच्याकडे सीसीएनए हे सर्टिफिकेट नाही, त्याच्या प्रमोशनचं पुढच्या वर्षी बघू. या ‘बघू’चा अर्थ नोकरदाराला फोड करून सांगावा लागत नाही.

नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची ही परीक्षा. फी ३०० डॉलर, वर कर. रुपयांतला आकडा ऐकून बायकोनं एवढंच विचारलं, “आणि नापास झालास तर?” वेळ १२० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही आणि एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. ‘येत नसेल तर सोडून पुढे जा, शेवटी बघ’ या एका मंत्रावर माझं अख्खं शिक्षण झालंय. इथे सोडलेलं ते सुटलंच.

सुरुवात ओएसआयच्या सात थरांपासून, म्हणजे नेटवर्कच्या कामाची सात मजल्यांत केलेली मांडणी. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. पाठ करायला इंग्रजीत सॉसेज-पिझ्झाचं एक वाक्य आहे. ते काही जिभेवर बसेना, म्हणून मी घरचंच रचलं : ‘फार दिवसांनी नणंद ट्रंक सांभाळत परत आली.’ फ, द, न, ट्र, स, प, आ. चोख! फ्रिजवर चिकटवलंही. बायकोची नणंद म्हणजे माझीच बहीण, हे बायकोनं तो कागद काढून माझ्या हातात देताना लक्षात आणून दिलं.

थर निभावले. खरा घाम काढला सबनेटिंगनं, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांचे तुकडे पाडण्यानं. रात्री मी ‘१२८, १९२, २२४, २४०’ असं पुटपुटायला लागलो, तेव्हा आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. नेमके त्याच सुमाराला कराडकडचे काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे उतरले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा माझ्या वहीत.

“काय रं, कुणाची वाटणी चाललीया?”

म्हटलं, काका, कॉम्प्युटरांना द्यायचे २५६ पत्ते आहेत. पहिला नेटवर्कच्या नावाचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा; ते कुणाला देता येत नाहीत. उरले २५४. आता याचे चार तुकडे करायचे. प्रत्येकात ६४, पण दोन्ही टोकं सोडून वापरायला ६२.

काकांनी मनात हिशेब केला. सातबाऱ्यावर आयुष्य काढलेला माणूस, त्यांना कॅल्क्युलेटर कधी लागला नाही. “चौघांचं मिळून दोनशे अठ्ठेचाळीस. सहा कुठं गेलं?”

मी उत्तर शोधेपर्यंत तेच म्हणाले, “बांधाला गेलं. वाटणी केली की बांध आला.”

जाडजूड पुस्तकाला जे दीडशे पानांत जमलं नाही, ते एका वाक्यात झालं. मला हुरूप आला. म्हटलं, दोन राउटर जोडायला तर चार-चार पत्त्यांचे तुकडे पाडतात. चारातले दोनच वापरायचे. काकांचा उघडा डोळा विस्फारला. “म्हंजे निम्मी जमीन बांधाला? आरं, आमच्यात भाऊ भावाचं तोंड बघत न्हाय, तरी एवढं कुणी केलं न्हाय!” यावर आयपीव्ही सिक्स या नव्या पद्धतीत पत्त्यांना तोटा नाही, हे सांगायला गेलो, तर त्यांनी ते सरकारी पडीक जमिनीसारखं ऐकून सोडून दिलं.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर घड्याळ, पाकीट, फोन सगळं लॉकरमध्ये गेलं. खिसे उलटे करून दाखवले. कच्च्या कामाला एक पुसता येणारी पाटी आणि मार्कर मिळाला. बसल्याबसल्या १२८, ६४, ३२ अशी ओळ मांडली, खाली बांध आखले आणि सरसावून बसलो. पहिला प्रश्न वायरलेसवर आला. दुसराही.

बांधांचे प्रश्न पुढे आले आणि पास झालो. हे सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. साहेबांना पेढा दिला. तो तोंडात ठेवून ते म्हणाले, “छान छान. पण पत्त्यांची वाटणी आता टूलच करतं ना आपल्याकडे? बरं, अकाउंट्सचा प्रिंटर दिसत नाहीये नेटवर्कवर. तेवढं बघ.”

गेलो. प्रिंटरनं १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेतला होता. म्हणजे कुणी पत्ता देईना, म्हणून पठ्ठ्यानं स्वतःच एक ठरवून घेतलेला. पत्ते वाटणारा डीएचसीपी तपासला, स्विच तपासला, व्हीलॅन म्हणजे नेटवर्कचे आतले कप्पे तपासले. मागून अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या, “सकाळी झाडताना मावशींनी ती निळी वायर काढली होती, ती लावायची राहिलीय का बघा.”