‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’च्या ज्वाळा: खुलासा

लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन रॉक बँडच्या ‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’ या अल्बमचं ज्वाळांचं मुखपृष्ठ बँडच्या विमान अपघातानंतर केलं आणि त्यातलं ‘दॅट स्मेल’ हे त्या अपघाताचंच गाणं, असं फिरतंय. दोन्ही चूक.

अल्बम आला १७ ऑक्टोबर १९७७ ला, विमान पडलं २० तारखेला. मुखपृष्ठ आधीच दुकानात होतं. अपघातानंतर एमसीए या रेकॉर्ड कंपनीने ते बदललं आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा बँडचा फोटो टाकला. पुढच्या काही आवृत्त्यांत ज्वाळा परत आल्या, तेव्हा जुनी तबकडी घेताना नुसत्या ज्वाळा पाहून ‘पहिली आवृत्ती’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

‘दॅट स्मेल’ला निमित्त झालं १९७६ च्या एका गाडीच्या अपघाताचं. गिटारवादक गॅरी रॉसिंग्टनने नशेत नवीकोरी गाडी ओकच्या झाडावर घातली होती. गाण्यातला काळोख तिथला. रॉसिंग्टन, ॲलन कॉलिन्स आणि नवा आलेला स्टीव्ह गेन्स, अशा तीन गिटारी आहेत; हेडफोनवर ऐकलं तर एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरी उचलते ते कळतं. मागे बायकांचा कोरस, तो अंगावर येतो.

आणि विमान? ते पेटलंच नाही. ग्रीनव्हिलहून बॅटन रूजला जाणाऱ्या काँव्हेअर विमानाचं इंधन मिसिसिपीत गिल्सबर्गजवळ संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली. चौकशीत ठपका आला तो इंधनाकडे वैमानिकांनी केलेल्या दुर्लक्षावर. उजवं इंजिन बिघडून जास्त इंधन पीत होतं, हेही एक कारण. टाक्या कोरड्या, मग आग लागणार कशाला? २६ पैकी ६ जण गेले, त्यात गायक रॉनी व्हॅन झँट आणि स्टीव्ह गेन्स.