प्रेमकवी व्हायचंय? बसा, सांगतो

गेल्या रविवारी तालुक्यातल्या एका गावच्या साहित्य संमेलनात कवीसंमेलनाचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं. सकाळी ग्रंथदिंडी, मग जेवणं, मग २७ कवी. त्यातले १९ तिची वाट बघत होते. तेव्हा नवकवींनो, घ्या लिहून.

तिनं ओळख दाखवायच्या आधीच वेड लागलेलं बरं. अन्न गोड लागत नाही, डोळ्याला डोळा नाही. (मसालेभाताला तिसऱ्यांदा ताट पुढं करणारे हेच होते. असो.)

विचारायचं मात्र कधीच नाही. ती हो म्हणाली तर लिहायचं काय? प्रेम आपल्या बेळगावच्या सीमाप्रश्नासारखं ठेवा. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, तारखा पडतात, निकाल लागत नाही.

बायकोवर लिहू नका. ती समोर डबा घेऊन बसली असली तरी.

कुणी हटकलं तर परंपरा सांगा. एकानं माइकवरच सांगितली, "इंदिरा संत आपल्या बेळगावच्याच, त्यांचाही विरहच की ओ!" विरहच. इंदिराबाईंचा नवरा १९४६ साली गेला. त्यांच्या कवितेतला माणूस परत येणार नव्हता, आणि ते त्यांना माहीत होतं. जुन्या प्राकृत गाथासप्तशतीतली बाई परगावी गेलेल्या नवऱ्यासाठी झुरते. संतांची विरहिणी विठ्ठलासाठी तळमळते. यातली एकही कुणाच्या खिडकीखाली उभी राहिली नाही. बसस्टँडपर्यंत कुणाचा पाठलाग केला नाही. आणि तुम्ही? "तुझ्या नकारातही मला होकार ऐकू येतो" म्हणता, वर दाद मागता! लोक देतातही. वन्स मोअर झाला. मीसुद्धा "वा!" म्हणून पुढच्याचं नाव पुकारलं, खोटं कशाला बोलू.

सकाळी स्वागतगीत म्हणणाऱ्या कॉलेजच्या चार पोरी तिसऱ्या रांगेत होत्या. या ओळीला त्यांनी एकमेकींकडं बघितलं आणि उठून गेल्या.

कळलं का काही? तिचं काही अनिश्चित नव्हतं. ती नको म्हणाली होती. ते तुम्हाला ऐकायचं नव्हतं, म्हणून त्याला हुरहुर म्हणता. सीमाभागात जन्म गेलाय, निदान कानडीतलं ‘बेडा’, म्हणजे ‘नको’, तरी कळतं ना? बेळगावच्या गणपत गल्लीत भाजीवालीला तुम्ही रोज ‘बेडा’ म्हणता. ती टोपली घेऊन तुमच्या मागं घरापर्यंत येते का ओ?